वाइनची तळघरे व कोठारे

वाइन मुरविण्याच्या व साठविण्याच्या वास्तूंच्या रचनेवरून वाइनचा प्रदेश पुष्कळदा ओळखता येतो. कारण ही रचना स्थानिक खडक व वाइनची गरज यांनुसार ठरत आलेली आहे. फ्रान्सच्या शँपेन प्रदेशातील रँस येथे चॉकच्या मऊ खडकात, वर अरुंद व तळाशी रुंद अशा खोल खाणी आहेत. बांधकामाच्या दगडासाठी प्राचीन व मध्ययुगीन काळात खोदलेल्या या खाणींत अठराव्या शतकापासून बाटल्या ठेवण्यात येऊ लागल्या. तेथील तापमान वर्षभर सु. १०° ते १२° से. राहते. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) तोफांच्या माऱ्यामुळे नागरिकांनी शहरातील तळघरांचा आश्रय घेतला. त्यांत शाळाही भरत. हंगेरीतील टोकाय येथे ज्वालामुखीजन्य टफ खडकात कोरलेले अरुंद, बुटके बोगदे असून त्यांच्या दमट भिंतींवर काळ्या कवकाचा जाड थर असतो. याउलट स्पेनमधील हेरेसची कोठारे जमिनीवर, उंच व कमानदार आहेत. शेरीच्या काही प्रकारांत वाइनवर धरणाऱ्या यीस्टच्या सायीला हवा लागते. मातीच्या जमिनीवर पाणी शिंपडून तेथे गारवा राखतात. यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत टोकायचा २००२ मध्ये व शँपेनचा २०१५ मध्ये तळघरांसह समावेश झाला.