आजीचा विलाप, नातवाचा रॅप

मंडळी, आजचा एपिसोड अरिवूवर. हा तमिळ रॅपर माझ्यासारखाच इंजिनिअरिंग शिकलेला. २०१८ मध्ये तो पा. रंजित यांच्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ बँडसोबत चेन्नईत मंचावर आला. तिथल्या वस्त्यांमधली गाना गाणी, रॅप, आणि विषय थेट जातीचा!

मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ आलं. त्यात ओप्पारी आहे, म्हणजे माणूस गेल्यावर गातात तो विलाप. अरिवूची आजी सिलोनच्या चहामळ्यात राबली, भूमिहीनच परतली. तीच कहाणी त्याने बीटवर मांडली. गाणं तुफान गाजलं.

पण ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या कव्हरवर सहगायिका धी होती, अरिवू नव्हता. लोकांनी आवाज उठवल्यावर त्याचं वेगळं कव्हर निघालं.

मळे कोणी फुलवले हे विसरलं जातं, तसंच गाणं कोणी लिहिलं हेही. म्हणून प्ले करताना क्रेडिट्स वाचत जा.