धोतराआडची मोटार

प्रत्येक घराण्याला एक तरी पूर्वज असा लागतो, की ज्याच्या जोरावर पुढच्या तीन पिढ्यांनी लग्नकार्यात जरा ताठ बसावं. आमच्याकडे ही कामगिरी आजोबांच्या एका फोटोने पार पाडली. फोटोत एक उघडी मोटार आहे. मागच्या गादीवर पगडीवाले एक गृहस्थ काठीवर दोन्ही हात ठेवून बसले आहेत, आणि पुढच्या चाकापाशी, मडगार्डवर हात टेकून, आमचे आजोबा उभे आहेत. हा फोटो वाचायची घरात एक ठरलेली पद्धत होती. मोटार आजोबांची. जात फोर्ड. मागे बसलेत ते आजोबांचे स्नेही. आणि आजोबांच्या हातात आहे ते उपरणं. उपरणं खांद्यावर न टाकता माणूस मुठीत कशाला धरेल, असं विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मी निवृत्त झालो आणि माझ्या हाती भिंग आलं. तिथून बिघडलं.

काचेच्या प्लेटवरून काढलेले ते जुने फोटो मोठे इमानी. चाकाच्या मध्यावर जे टोपण असतं, त्यावर मला भिंगातून इंग्रजी अक्षरं दिसली. एल, ए, एन, डी. लँड! त्याआधीचं सगळं नाव आजोबांच्या धोतराने झाकलं होतं.

"म्हणजे ही फोर्ड नव्हे," मी जाहीर केलं.

"लँड ना? मग कूळकायद्यात गेली असेल," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

फोर्ड नव्हतीच. फोर्डच्या 'मॉडेल टी'ला पुढच्या बाजूला एकच आडवा पाटा असे. आमच्या मोटारीला दोन्ही चाकांवर दोन वेगळे, लांबीला बसवलेले पाटे दिसत होते. मी फोटोची मोठी प्रत काढून मिशिगनमधल्या भाच्याला पाठवली. त्याच्या शेजारी एका मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांना जुन्या मोटारी ओळखायचा नाद आहे. आपल्याकडे काही माणसं नाक पाहून कोकणस्थ की देशस्थ ते सांगतात, तसे हे दिवे पाहून मोटारीचं कूळ सांगतात. मडगार्डातच दिवे बसवलेले दिसले, की बफेलोची पिअर्स-ॲरो. (ती कंपनी आधी पक्ष्यांचे पिंजरे करायची.) पुढे रेडिएटर नाही, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, की सिरॅक्यूजची फ्रँकलिन. पण हे सोपे पेपर झाले. कठीण जातात ती बारकी नावं. त्या काळात अमेरिकेत गावोगाव मोटारी करणारे निघाले होते. इंजिन एकाकडून आणायचं, आस दुसऱ्याकडून, गिअर तिसऱ्याकडून, आणि वर आपल्या नावाची पाटी ठोकायची. आपल्याकडे आयतं फरसाण आणून स्वतःच्या नावाच्या पिशव्यांत भरतात, तसंच.

या म्हातारबुवांनी भाच्यामार्फत मला जे धडे दिले, त्यांतून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मोटार ओळखणं त्या मानाने सोपं. ती केली कुणी, हे ओळखणं महाकर्मकठीण. पाटीवरचं नाव एकाचं, आणि तेलात बरबटलेले हात भलत्याचेच!

अगदी पहिल्यापासून हेच. अमेरिकेत विकायला म्हणून मोटारी केल्या त्या चार्ल्स आणि फ्रँक ड्युरिया या भावांनी; 1896 साली त्यांनी एकसारख्या तेरा गाड्या बांधल्या. पण त्यांची पहिली गाडी पुरी व्हायच्या आधीच थोरला चार्ल्स दुसऱ्या गावी निघून गेला. ती पूर्ण केली धाकट्या फ्रँकने, आणि सप्टेंबर 1893 मध्ये स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर चालवलीही त्यानेच. पुढे 28 नोव्हेंबर 1895 ला शिकागोच्या बर्फात शर्यत झाली. सुमारे 54 मैलांना दहा तासांहून अधिक वेळ लागला. जिंकली कुणी? फ्रँकनेच. आणि मोटारीचा जनक कोण? तर चार्ल्स! निदान चार्ल्सचं तसं म्हणणं होतं. दोघांत कायमचं बिनसलं. एका विहिरीवरून भांडणारे भाऊ मी पाहिले होते. एका इंजिनवरून भांडणारे प्रथमच.

ब्यूकचं नाव आपल्याकडे संस्थानिकांच्या तोंडी असायचं. तो डेव्हिड ब्यूक मुळात नळकामाच्या धंद्यातला. ओतीव लोखंडाच्या न्हाणीटबांवर पांढरा मुलामा चढवायची रीत त्याने काढली. ते बरं चाललं असताना मोटारीच्या नादी लागला. 1903 मध्ये कंपनी निघाली, वर्षभरात ती दुसऱ्याच्या हाती गेली, आणि लवकरच स्वतः ब्यूक बाहेर. त्याच्या नावाच्या मोटारी लाखांनी खपल्या. तो मात्र डेट्रॉइटमधल्या एका धंदेशिक्षणाच्या शाळेत नोकरी करत 1929 साली गरिबीत वारला.

हे वाचलं त्या रात्री मी भिंग खाली ठेवलं. फोटोतल्या मुठीतल्या त्या उपरण्याकडे पुन्हा पाहावंसं वाटेना.

इकडे 'लँड'चा शोध चालूच होता. क्लीव्हलँड, ओकलँड, ओव्हरलँड अशा तीन उमेदवारांची नावं आली. धोतराच्या काठाशी आणखी एका अक्षराचा तिरपा पाय डोकावत होता. त्यामुळे क्लीव्हलँड बाद, कारण तिथे 'एल'च्या आधी 'ई' येतो, आणि 'ई'ला तिरपा पाय नाही. पण ओकलँडमधला 'के' आणि ओव्हरलँडमधला 'आर', दोघांचाही पाय तिरपाच! आठ दिवस आमच्या घराण्याची इभ्रत एका अक्षराच्या तंगडीवर लोंबकळत होती. शेवटी म्हातारबुवांना अक्षराच्या माथ्याची गोलाई सापडली. 'आर'! ओव्हरलँड!

आज हे नाव कुणाला ठाऊक नसेल, पण 1912 ते 1918 या काळात अमेरिकेत मोटारींच्या उत्पादनात फोर्डच्या खालोखाल हीच कंपनी होती. ही मोटार मुळात 1903 मध्ये घडवली ती टेरे हॉटमधल्या चाकं करणाऱ्या एका कारखान्यात, क्लॉड कॉक्स नावाच्या इंजिनिअरने. पुढे 1907 च्या मंदीत कंपनी बुडायला आली. तिच्या मोटारी विकणाऱ्या जॉन विलीसने आधीच पाचशे गाड्यांची मागणी नोंदवली होती. गाड्या येईनात म्हणून तो चौकशीला गेला आणि शेवटी कंपनीच ताब्यात घेऊन बसला. नाव झालं विलीस-ओव्हरलँड. कॉक्सचं नाव कुठेच नाही. याच कंपनीने दुसऱ्या महायुद्धात जीप बनवली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जिची जुळणी केली आणि जिच्यातून पुढे आपले मामलेदार धुरळा उडवत फिरले, ती विलीस जीप म्हणजे आमच्या मोटारीची नातच!

मी आनंदाने पत्राचा शेवट वाचला. म्हातारबुवांनी सहज विचारलं होतं, "समोर फडकं घेऊन उभा आहे, तो मेकॅनिक कोण?"

बिचाऱ्यांनी जन्मात उपरणं पाहिलेलं नाही. त्यांना फडकंच ओळखू येतं.

आमच्या घराण्यात जुन्यापैकी आता एकटे काका उरलेत. नव्वदी उलटली आहे. भीत भीत त्यांच्यापुढे फोटो ठेवला.

"काका, आजोबांचं मनगट वाकडं होतं ना?"

"होतं. कुस्तीत मोडलेलं."

"की हँडल मारताना?"

जुन्या मोटारीचं इंजिन हँडल मारून सुरू करताना उलटा झटका बसला, की मनगटच जायचं. त्या प्रकारच्या मोडीला डॉक्टर लोक आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. फोटोतल्या मोटारीला पुढे हँडल लोंबत होतंच.

काका बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, आता काठी बसणार.

"दिवाणसाहेबांच्या गाडीवर होते," ते म्हणाले. "गाडी बंद पडली की दिवाणसाहेब हात जोडायचे म्हणे. आम्हाला जवळ घ्यायचे तेव्हा अंगाला रॉकेलचा वास यायचा. आईने तुमच्या पिढीला सांगू दिलं नाही. मुलींची लग्नं व्हायची होती."

"तुम्हाला वाईट वाटलं का, मी हे उकरून काढलं त्याचं?"

"वाईट कसलं? त्या पगडीवाल्याला माझ्या बापाचा स्नेही म्हणून सत्तर वर्षं नमस्कार करत आलो, त्याचं वाटतंय."

फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे विचारतात, "ही मोटार तुमची का हो?" मी घसा साफ करायच्या आतच ही सांगून टाकते, "नाही हो, मोटार दिवाणांची. पण आमच्या आजेसासऱ्यांशिवाय ती जागची हलत नसे."