मंदीनंतरची रोजी : गिरणीपासून यंत्रमागापर्यंत

मंदी ओसरली की वर्तमानपत्रांतून रोजगाराचे आकडे येऊ लागतात. इतक्या नोकऱ्या गेल्या, इतक्या आल्या, पुढच्या वर्षी इतक्या येतील. आकडे खोटेच असतात असे नाही. पण गेलेली नोकरी आणि आलेले काम ही एकाच तोलाची आहेत का, हे त्या आकड्यांतून कळत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न कापडधंद्याच्या इतिहासात सर्वांत उघडा पडतो, आणि त्या इतिहासात आपल्या मोमीन-अन्सारी विणकरांना मोठी जागा आहे. गिरणगावावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. परळ, लालबाग, चाळी, भजनी मंडळे, लाल बावटा हे सारे त्यात आले. मदनपुरा मात्र त्यात फार कमी दिसतो.

हे विणकर मूळचे उत्तर प्रदेशातले. विलायती कापडाने हातमाग मोडला होता, त्यात १८५७ नंतरची धरपकड आणि पाठोपाठचे दुष्काळ. अलाहाबाद, आझमगड, मऊ, बनारस या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे आग्रा रोड धरून दक्षिणेकडे निघाली. काही धुळ्याला थांबली, काही मालेगावला मोसम नदीच्या काठी, काही भिवंडीला. उरलेली थेट मुंबईत मदनपुऱ्यात येऊन पोहोचली. नकाशा उघडून पाहावा; महाराष्ट्रातल्या विणकर मोहल्ल्यांची ही माळ त्या एका रस्त्याच्या दोऱ्यात ओवलेली दिसते.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली होती. पुढे गिरण्या वाढल्या तसे मदनपुऱ्यातले हात तिथल्या विणकाम खात्यात गेले. या खात्याचा पगार सूतकताईच्या खात्यापेक्षा बरा असे. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शटलमधून धागा ओढताना तो तोंडाने शोषून घ्यावा लागे. उष्ट्याचा विटाळ नको म्हणून दलित कामगारांना या खात्यात शिरू दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. त्या काळात विणकाम खात्यात मुसलमान आणि सवर्ण हिंदू खांद्याला खांदा लावून काम करत होते, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. पण त्या खात्याचा दरवाजा कोणासाठी बंद होता, हेही त्याच दमात सांगायला हवे.

गिरणीची नोकरी सुखाची नव्हती. बदलीवाला म्हणून वर्षानुवर्षे रोज सकाळी दारात उभे राहायचे, जॉबरची मर्जी सांभाळायची, छातीत कापसाची धूळ भरून घ्यायची. तरीही कायम झालेल्या माणसाला बिल्ला क्रमांक होता, आठ तासांची पाळी होती, महागाई भत्ता होता, फंड होता, आजारपणात विमा दवाखाना होता. अन्याय झाला तर दाद मागायला औद्योगिक न्यायालय होते. हे सारे एका दिवसात मिळाले नव्हते. १९२० आणि १९३० च्या दशकांतले मोठे संप आणि स्वातंत्र्यानंतरचे कायदे अशा दोन पिढ्यांच्या धडपडीतून ते आले होते.

या धंद्याला उतरती कळा लागली ती १९८२ च्या आधीच. हातमागाला संरक्षण म्हणून १९५६ च्या सुमारास सरकारने गिरण्यांच्या मागांच्या संख्येवर मर्यादा घातली. हातमागाला त्याचा फारसा लाभ झाला नाही. मधल्यामध्ये यंत्रमाग वाढले, परवान्याचे आणि बिनपरवान्याचेही. पुढे १९६५ ते १९६७ या काळात सलग दोन दुष्काळ आणि औद्योगिक मंदी आली. अनेक गिरण्या आजारी पडल्या. त्या सांभाळण्यासाठी १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ निघाले आणि १९७४ मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. ज्या मालकांच्या गिरण्या चालू होत्या, त्यांतल्या अनेकांनी नवी यंत्रे घेतली नाहीत. नफा दुसऱ्या धंद्यात वळवला.

अशा पोखरलेल्या धंद्यात १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्यांचा कारभार हाती घेतला. बाकीच्या हळूहळू चालू झाल्या, पण लाखभर कामगारांना परत घेतले गेले नाही. ‘संपाने गिरण्या बुडवल्या’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. माझ्या मते संपाने आधीच सुरू असलेली गोष्ट वेगाने पुरी केली, इतकेच.

मग पुढे काय झाले? देशातले कापड कमी झाले का? नाही. लोक कपडे नेसतच होते. कापड विणण्याचे काम मुंबईतून उठून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला गेले. संपाच्या काळात तर काही गिरणीमालक आपलेच कापड यंत्रमागांवर विणून घेत होते आणि त्यावर गिरणीचा छाप मारून विकत होते. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांतला भेद काढून टाकला आणि या स्थलांतराला सरकारी मान्यता मिळाली. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या आग्रा रोडने विणकर मुंबईत आले होते, त्याच रोडने काम उलट दिशेने गेले. त्याच्या मागोमाग विणकरही गेले.

काम तेच, पण माणसाची स्थिती बदलली. कारखाने कायदा १९४८ चा. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात १० किंवा अधिक कामगार असतील तर तो लागू होत असे. म्हणून एकाच छपराखालचा कारखाना कागदोपत्री चार तुकड्यांत विभागला गेला. एक भावाच्या नावे, एक बायकोच्या नावे, एक मेहुण्याच्या. विजेचे मीटरही वेगवेगळे. कागदावर कुठेच १० माणसे नाहीत, म्हणून हजेरीपट नाही, फंड नाही, विमा नाही. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. मजुरी विणलेल्या मीटरवर. वीज गेली, सूत तुटके आले, तर तोटा विणकराचा. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये दंगली झाल्या, माग जळाले, कारखाने आठवडेच्या आठवडे बंद राहिले. ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्याने त्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब कोणाकडे मागायचा? आणि हे सांगताना जीभ अडखळू नये : या छोट्या कारखान्यांचे शेठही बहुतांशी आपल्याच बिरादरीचे होते. तेही सूतव्यापाऱ्याच्या उधारीत बुडालेले होते, हे खरे. पण मजूर त्यांच्याहून खाली होता.

याच महाराष्ट्राने रोजगाराच्या बाबतीत देशाला वाट दाखवली, हे विसरता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला आणि २००५ चा राष्ट्रीय कायदा करताना तीच नजरेसमोर होती. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. माझ्या पगारातून तो दरमहा २०० रुपये कापला जातो आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटले नाही. पण ती हमी ग्रामीण महाराष्ट्रासाठी होती. गिरणीतून बाहेर फेकलेल्या शहरी कामगाराला तशी कोणतीही हमी मिळाली नाही.

कोकणातल्या आपल्या लोकांची वाट वेगळी. ते आधी जहाजांवर होते आणि १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला तसे आखातात गेले. त्यांच्या मनीऑर्डरींनी गावेच्या गावे उभी केली. विणकर मोहल्ल्यांना ती वाट तितकीशी सापडली नाही.

मुसलमान कामगार नियमित पगाराच्या नोकरीत कमी आणि असंघटित कामांत व स्वयंरोजगारात जास्त आहेत, असे सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये सांगितले. यंत्रमागाच्या गल्लीत राहणाऱ्याला यात नवे काही नव्हते. मी भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. प्रवेश अर्जावर ‘पालकाचा व्यवसाय’ असा रकाना असतो, त्यात बहुतेक जण ‘मजुरी’ एवढेच लिहितात. कशाची मजुरी, कोणाकडे, किती वर्षे, ते लिहायला जागाही नसते. याच घरांतल्या मुलींनी २००० नंतरच्या दशकात मोठ्या उमेदीने डी.एड.ची वाट धरली. शिक्षिकेची नोकरी म्हणजे घरातला पहिला हजेरीपट. २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबवली आणि त्यांतल्या कितीतरी जणी पदविका पेटीत ठेवून शिकवण्या घेऊ लागल्या.

त्यानंतर नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली. मजुरी रोखीत वाटणाऱ्या या धंद्याचा कणा त्या हिवाळ्यात वाकला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. माग थांबले आणि विणकर पुन्हा एकदा त्याच रस्त्यावर आले, नाशिककडे तोंड करून, पायी. मे महिन्यात भिवंडी रोड स्थानकातून उत्तर प्रदेशाकडे श्रमिक गाड्या सुटल्या. पुढे बरेच जण परत आले, कारण गावात माग नव्हता आणि शेतीही नव्हती.

आता भिवंडीच्या आसपास मैलोन्‌मैल गोदामे उभी आहेत. घरबसल्या मागवलेल्या वस्तू तिथून देशभर जातात. रोजगाराच्या बातम्यांत या गोदामांचे नाव पहिले असते, आणि दहावी-बारावी झालेली माझी मुले तिथे लागतात हेही खरे. पाकिटे उचलायची, यंत्राने खूण वाचायची, गाडीत भरायची. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत गिरणीचा बिल्ला असतो. त्यावर गिरणीचे नाव आणि क्रमांक कोरलेला. नातवाच्या गळ्यातही ओळखपत्र असते. त्यावर नाव ठेकेदाराचे.