मुक्तांगण : मनोरुग्णालयाच्या आवारातील प्रारंभ – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पुण्यातील विश्रांतवाडी परिसरात, आळंदी रस्त्यावरील मोहनवाडी येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची वास्तू आहे. तथापि २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्राचा प्रारंभ झाला तो जवळच्याच येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात. ही निव्वळ जागेची सोय होती असे म्हणता येईल. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते संस्थेच्या स्वरूपाचा उलगडा या प्रारंभातूनच होतो.

त्या काळी व्यसनी मनुष्याला कायद्यात स्वतःचे असे स्थान नव्हते. मनोरुग्णांसाठी १९१२ चा वसाहतकालीन कायदा लागू होता. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने उपचार केंद्रांची तरतूद केली खरी, पण सेवन हा गुन्हाच ठरविला. याच दशकात शहरांत गर्द पसरले. त्याविषयी डॉ. अनिल अवचट यांनी केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि मनोरुग्णालयात सेवेत असलेल्या डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी प्रत्यक्ष कामाची धुरा उचलली.

येथे साधनांचा प्रश्न उपस्थित होतो. 'मुक्तांगणची गोष्ट' हा या इतिहासाचा प्रमुख लिखित आधार असून तो अनिल अवचटांचा आहे. पत्नीचे श्रेय ते मोकळेपणाने देतात, हे मान्य करावयास हवे. तरीही लेखकाची कीर्ती आणि देणगीदारांचे वलय यांमुळे शासकीय चाकरीतील एका स्त्री डॉक्टरचे दैनंदिन परिश्रम सार्वजनिक स्मृतीत मागे पडतात. शासकीय आवारात स्वयंसेवी कार्य रुजविणे हे, आपल्या कार्यालयांची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना, सामान्य वाटणार नाही. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी जबाबदारी स्वीकारली.

व्यसनातून बाहेर पडलेल्या रुग्णांनाच कार्यकर्ते म्हणून उभे करणे, हे मुक्तांगणचे वैशिष्ट्य होय. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या परंपरेशी त्याचे नाते स्पष्ट आहे. फरक असा की येथे कुटुंबालाही उपचारात सामावून घेण्यात आले. मात्र स्त्री येथे प्रामुख्याने रुग्णाची पत्नी वा माता म्हणूनच दिसत राहिली. स्वतः व्यसनाधीन झालेल्या स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग २००९ मध्ये सुरू झाला, म्हणजे स्थापनेनंतर २३ वर्षांनी. हा विलंब एकट्या संस्थेचा नव्हे. स्त्रीचे व्यसन घरातच झाकून ठेवणाऱ्या समाजाचाही आहे.

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनींसाठी वेगळ्या रुग्णालयांची कल्पना मांडली होती. २०१७ च्या कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येतच समावेश केला. मनोरुग्णालयाच्या आवारातून बाहेर पडून स्वतःच्या वास्तूत आलेले हे कार्य अशा रीतीने व्याख्येच्या वाटेने पुन्हा त्याच आवाराशी जोडले गेले. १९८५ च्या कायद्यातील सेवनाचे कलम मात्र अद्याप कायम आहे.