मोटारगाडीचे रोटरी इंजिन आणि हौशी विमानबांधणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विमानविद्येचा इतिहास सामान्यतः कारखाने, लष्करे आणि सरकारी संशोधनसंस्था यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. घराच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवसांत आणि स्वतःच्या खर्चाने विमान बांधणाऱ्या हौशी कारागिरांचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. वस्तुतः पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' स्थापन केल्यानंतर अमेरिकेत या कारागिरांची एक स्वतंत्र ज्ञानपरंपराच उभी राहिली. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग स्वतः, शिकण्यासाठी वा करमणुकीसाठी बांधल्यास त्यास 'प्रायोगिक' वर्गात उड्डाणाची परवानगी मिळते आणि इंजिन प्रमाणित असण्याचे बंधन राहत नाही. या सवलतीचा सर्वांत चिवट उपयोग माझदा कंपनीच्या रोटरी इंजिनाच्या बाबतीत झाला. हे इंजिन मोटारीतून काढून विमानाच्या नाकात बसविताना नेमके काय बदलावे लागले, आणि जे फसले ते इंजिन की त्याची बसवणी, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

एका शब्दाचे दोन अर्थ :

प्रारंभीच एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील 'रोटरी' इंजिन वेगळे होते. सेगँ बंधूंच्या नोम इंजिनात क्रँकशाफ्ट स्थिर असे आणि सिलिंडरांचे संपूर्ण कडे प्रोपेलरसह फिरत असे. त्यात दट्टे होतेच. येथे अभिप्रेत असलेले इंजिन जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) यांच्या कल्पनेतून जन्मले. त्यात दट्ट्या नाही, झडपा नाहीत. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लंबवर्तुळासारख्या पोकळीत फिरतो. दुसऱ्या महायुद्धात वांकेल जर्मन हवाई दलासाठी फिरत्या झडपांवर व वायुरोधक पट्ट्यांवर काम करीत होते. त्यांची खरी विद्या वायू कोंडून धरण्याची होती, हे लक्षात घेतल्यास पुढील इतिहास अधिक उलगडतो.

नेकार्सउल्म येथील एनएसयू कंपनीत १९५७ च्या फेब्रुवारीत पहिले इंजिन फिरले. त्यात बाहेरचे आवरणही फिरत असे. हान्स डीटर पाश्के यांनी आवरण स्थिर करून ते व्यवहार्य बनविले. कर्टिस-राइट या अमेरिकी विमान-इंजिन कंपनीने १९५८ मध्येच परवाना घेतला, यावरून विमानासाठी ते उपयुक्त ठरेल अशी अपेक्षा आरंभापासून होती असे दिसते. हिरोशिमाच्या तोयो कोग्यो म्हणजे पुढील माझदा कंपनीने १९६१ मध्ये करार केला. केनिची यामामोतो यांच्या गटाने रोटरच्या टोकांवरील पट्ट्यांमुळे आवरणावर उमटणाऱ्या लाटांसारख्या ओरखड्यांचा प्रश्न सोडविला आणि १९६७ मध्ये कॉस्मो ही गाडी बाजारात आणली.

लॉकहीडच्या 'क्यू-स्टार' या निःशब्द टेहळणी विमानावर कर्टिस-राइटचे रोटरी इंजिन १९६० च्या दशकाच्या अखेरीस उडाले. जर्मनीत १९७३ मध्ये 'फॅनलायनर' आणि फ्रान्समध्ये १९७५ च्या डिसेंबरात सित्रोएनचे हेलिकॉप्टर उडाले. परंतु १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन अधिक खाणाऱ्या या इंजिनाकडे बहुतेक कंपन्यांनी पाठ फिरविली. जनरल मोटर्सनेही आपला प्रकल्प गुंडाळला. माझदा टिकून राहिली, आणि १९७८ च्या आरएक्स-७ या गाडीपासून अमेरिकेतील भंगारवाड्यांत स्वस्त रोटरी इंजिने साठू लागली. हौशी कारागिरांचा इतिहास येथून सुरू होतो. इंजिन निवडण्यात तत्त्वाइतकाच किमतीचाही वाटा होता.

बसवणीचे शास्त्र :

माझदाचे १३बी हे दोन रोटरांचे इंजिन, नाममात्र क्षमता १.३ लिटर. सुमारे ६,००० फेऱ्यांना ते १६० ते १८० अश्वशक्ती देऊ शकते. तेवढ्याच शक्तीच्या लायकमिंग इंजिनाची क्षमता पाच ते सहा लिटर असते, पण ते २,७०० फेऱ्यांवर प्रोपेलर थेट फिरविते. सहा फूट व्यासाचा प्रोपेलर ६,००० फेऱ्यांनी फिरविल्यास त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५७० मीटरच्या पुढे, म्हणजे ध्वनिवेगाच्या दीडपटीहून अधिक होईल. म्हणून वेग कमी करणारी गिअरपेटी अपरिहार्य ठरते. फ्लोरिडातील ट्रेसी क्रुक यांनी फोर्डच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील ग्रहचक्री दातचाके वापरून २.१७ : १ प्रमाणाची पेटी तयार केली आणि स्वतःच्या आरव्ही-४ विमानावर ती वर्षानुवर्षे उडविली. या प्रमाणात ६,००० फेऱ्यांचे सुमारे २,७६५ फेरे होतात. पुढे आलेल्या २.८५ : १ प्रमाणामुळे इंजिन आणखी वेगाने फिरवून मोठा प्रोपेलर हळू फिरविणे शक्य झाले.

दुसरा प्रश्न इंजिन धरून ठेवण्याचा. १३बीची रचना एखाद्या थरांच्या वडीसारखी असते : बिडाची बाजूची आवरणे आणि अॅल्युमिनियमची रोटरची आवरणे एकापुढे एक रचून लांब बोल्टांनी आवळलेली. विमानाच्या फायरवॉलला जोडण्यासाठी त्यावर सोयीच्या जागा नसतात. मोटारीत मागे असणारी फ्लायव्हीलची बाजू विमानात पुढे येते आणि गिअरपेटीसह प्रोपेलरचा सर्व भार तेथे लटकतो. कारागिरांनी इंजिनाखाली जाड पाटा घालून क्रोम-मॉलिब्डेनम पोलादी नळ्यांचा सांगाडा जोडला व मध्ये रबरी गादी ठेवली. हे काम बाहेरून सुताराचे वाटते. त्यात चुकीला मात्र क्षमा नसते.

सर्वाधिक हाल शीतकरणाने केले. लायकमिंग हवेने थंड होते. १३बीला पाणी लागते आणि रोटर आतून वंगणतेलाने थंड होतात. बाहेर टाकावयाच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग तेलाकडे जातो, ही गोष्ट अनेकांना पहिल्या उड्डाणातच उमगली. उड्डाण घेताना शक्ती पूर्ण आणि वेग कमी, म्हणजे उष्णता जास्तीत जास्त व वारा कमीत कमी. मोटारीच्या वातानुकूलन यंत्रातील बाष्पक रेडिएटर म्हणून वापरण्याची युक्ती बरीच रूढ झाली. तथापि रेडिएटर मोठा करण्यापेक्षा त्याकडे जाणारा वायुमार्ग क्रमाने रुंद करून हवा मंद करणे व दाब वाढविणे महत्त्वाचे होते. त्यासाठी काहींनी क्यूखेमन आणि वेबर यांचा १९५३ चा वायुगतिकीवरील ग्रंथ उलगडला. भंगारवाड्यातील इंजिन आणि विद्यापीठीय ग्रंथ यांची अशी गाठ औपचारिक संशोधनात विरळाच पडते.

निष्कासनाचा वायू झडपेच्या अडथळ्याविना, अतिशय तप्त व कर्कश बाहेर पडतो. साधे सायलेन्सर जळून जातात. मूळ गाडीत टोकाच्या पट्ट्यांसाठी तेल पंपाने सोडले जाते. अनेकांनी तो पंप काढून इंधनातच टू-स्ट्रोकचे तेल मिसळणे पसंत केले. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग मुळातच असल्याने विमानातील दुहेरी प्रज्वलनाची अट सहज भागते. परंतु इंधनफवारणी आणि प्रज्वलन दोन्ही विजेवर चालतात. दुसरा पंप आणि विजेचा दुसरा मार्ग नसल्यास ती दुहेरी व्यवस्था नावापुरतीच उरते.

दोष कोणाचा? :

येथे प्रचलित समजाशी मतभेद नोंदविणे प्राप्त आहे. रोटरी इंजिन नाजूक म्हणून विमानात रुजले नाही, असे म्हटले जाते. कारागिरांच्या अनुभवकथनांत मात्र पाण्याची गळती, इंधनपुरवठ्यातील खंड, गिअरपेटी, पट्टा, एखादी सैल तार हीच कारणे पुनःपुन्हा येतात. पट्टी झिजली तरी शक्ती घटते, पण कनेक्टिंग रॉड तुटून इंजिन क्षणात थांबण्याचा धोका नाही, कारण तो भागच त्यात नाही. पाणी गेल्यावरही विमान उतरविण्याइतका वेळ अनेकदा मिळतो. म्हणजे विश्वासार्ह गाभ्याभोवती प्रत्येकाने स्वतंत्रपणे उभारलेली साधनव्यवस्था, असे हे दुबळेपण होते. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक लायकमिंगमागे एकच संचित अनुभव असतो. येथे प्रत्येक विमान पहिलेच. अमेरिकी नियमात प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडीस चाचणी-उड्डाणाचे २५ तास पुरत, तर अप्रमाणित जोडीस ४० तास लागत, त्यामागचे कारण हेच.

अर्थात इंजिनाच्या बाजूनेही सर्व काही निर्दोष नाही. त्याची इंधनाची भूक खरी आहे. शिवाय स्वस्त इंजिनावर वाचलेला पैसा पुढील काही वर्षांच्या श्रमात वसूल होतो; हा हिशेब उत्साहाच्या भरात फारसा मांडला गेला नाही. शिसेविरहित साधे पेट्रोल त्यास चालते, हा गुण मात्र अमेरिकेने २०३० पर्यंत विमान-पेट्रोलमधून शिसे हटविण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये ठेवल्यानंतर अधिक मोलाचा ठरला.

उत्तरकाळ :

माझदाच्या गाभ्यावर प्रमाणित विमान-इंजिन तयार करण्याचा जिनिव्हातील मिस्त्राल कंपनीचा प्रयत्न बाजारात स्थिरावला नाही. लहान, मुळातच विमानासाठी घडविलेली रोटरी इंजिने मात्र श्लायखरच्या मोटर-ग्लायडरांत आणि चालकविरहित विमानांत टिकली. 'निशांत' या भारतीय चालकविरहित विमानासाठी बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, वैमानिक विकास आस्थापना आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना यांनी मिळून ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन विकसित केले. ते एप्रिल २००९ मध्ये कोलार येथे उडाले. रणगाडे व वाहनांशी नाते असलेल्या नगरच्या संस्थेचा त्यातील वाटा मोटार आणि विमान यांच्या याच सीमारेषेवरचा आहे.

हौशी कारागिरांपुढील अडचण आता वेगळी आहे. आरएक्स-७ चे उत्पादन २००२ मध्ये आणि आरएक्स-८ चे २०१२ मध्ये थांबले. माझदाने २०२३ मध्ये एमएक्स-३० गाडीत रोटरी इंजिन पुन्हा आणले, परंतु ते ८३० घनसेंटिमीटरच्या एकाच रोटरचे असून केवळ वीज निर्माण करते. विमानाच्या नाकासाठी अद्याप जुन्या १३बीचीच आवरणे शोधली, मोजली आणि पुन्हा आवळली जातात.