शार्ङ्गदेवाचे स्वर ऐकताना

मलकापूरकरांना पन्हाळा काही लांब नाही. हा गड देवगिरीच्या सिंघण यादवानं शिलाहार भोजाकडून घेतला, 13व्या शतकाच्या आरंभी. त्याच सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. आजोबा काश्मीरहून आलेले, हा स्वतः हिशेबखात्याचा अधिकारी, आणि लिहिला कोणता ग्रंथ, तर 'संगीतरत्नाकर'! त्यात रागांचे स्वरसुद्धा लिहून ठेवलेत.

मग ते पेटीवर वाजवले की झालं? इथंच आपली फसगत होते. सप्तकाच्या 22 श्रुती. शार्ङ्गदेवाचा षड्ज चौथ्या श्रुतीवर; भातखंड्यांनी तो पहिलीवर धरला. जुन्या हिशेबानं गंधार आणि निषाद खाली येतात. म्हणजे त्याचं शुद्ध सप्तक आपल्या बिलावलाचं नव्हे, काफीच्या जवळचं. श्रुती पटाव्यात म्हणून त्यानं 22 तारांच्या दोन वीणा सांगितल्यात: एक स्थिर, दुसरी उतरवत न्यायची. हौशी मंडळींनी करून बघावं.

गमकांचे 15 प्रकारही त्यानं दिलेत. पण गळ्यातून ते कसे निघत, हे कागदावर कसं उतरणार? म्हणून कुणी 'अस्सल यादवकालीन गायन' म्हणालं, की आम्ही आधी विचारतो, सप्तक कुठलं धरलंय?