शिशाचे शिपाई आणि उतरविलेले रंग

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदराच्या शहरात विसाव्या शतकात दोन कारखान्यांनी असे दोन जिन्नस निर्माण केले, की त्यांपैकी एकाने पुढे घरोघरच्या चिमुकल्या फौजांना रंग चढविला आणि दुसऱ्याने, त्याच्या कर्त्यांच्या स्वप्नीही नसताना, तोच रंग उतरविण्याची कामगिरी पत्करली. पहिला जिन्नस म्हणजे लहानशा डबीत मिळणारा हंब्रोलचा इनॅमल रंग. या कंपनीची स्थापना १९१९ साली हंबर ऑइल कंपनी या नावाने झाली होती. दुसरा जिन्नस म्हणजे रेकिट कंपनीचे डेटॉल; १९३० च्या दशकात सूतिकाज्वराने दगावणाऱ्या मातांची चिंता वैद्यकास ग्रासून असताना ते जंतुनाशक म्हणून पुढे आले, आणि त्याचा वास आज आपल्याकडील खरचटलेल्या प्रत्येक गुडघ्याच्या परिचयाचा आहे.

शिपायांच्या जुन्या प्रतिमेवरील रंग आणि त्याखालचे अस्तर पार काढून ती नव्याने रंगविण्याचा हा रिवाज मात्र त्या प्रतिमांइतका जुना नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूरेंबर्ग येथे हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे शिपाई ओतून विकण्यास आरंभ केला. पुढे १८३९ मध्ये त्याच नगरीत हाइनरिक्सन याचा कारखाना उभा राहिला आणि तीस मिलिमीटर उंचीचा चपटा शिपाई हे जणू एक मान्य माप ठरले. १८९३ साली लंडनमध्ये विल्यम ब्रिटन याने पोकळ ओतकामाची युक्ती काढली: वितळलेला शिशाचा रस साच्यात ओतावयाचा, साच्याला लागलेला थर थिजताच आतला पातळ रस पुन्हा बाहेर ओतून घ्यावयाचा, आणि अशा रीतीने अल्प धातूत, म्हणून अल्प मोलात, चोपन्न मिलिमीटरचा भरीव दिसणारा शिपाई तयार करावयाचा. जर्मन कारखानदारांची मक्तेदारी या एका युक्तीने खिळखिळी झाली. ब्रिटनच्या यादीत बंगाल लान्सर्सच्या जोडीने मुंबई लान्सर्सचाही रिसाला होता, आणि या साऱ्या पलटणींचे गणवेश बहुतांशी स्त्रियांच्या हातांनी, नगावारी मोबदल्यावर, चकचकीत रंगांत रंगविले जात.

हे शिपाई मुलांच्या खेळण्यासाठी होते, आणि खेळात त्यांचा रंग उडणे हे विधिलिखितच होते. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली जमिनीवर मांडावयाच्या युद्धखेळाचे नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील तोफ खरोखर लाकडी गोळे डागीत असे आणि शत्रूचा शिपाई खरोखर आडवा होत असे. अशा शिपायाचा रंग टवके उडून गेला, तर फार तर त्यावर दुसरा हात फिरविला जाई. जुना रंग उतरवून काढावा इतकी त्याची किंमत नव्हती, आणि त्या ठोकळ चेहऱ्यावर दोन-तीन थरांनी बिघडावे असे बारीक कामही नव्हते.

युद्धोत्तर काळात मात्र परिस्थिती पालटली. प्रौढ माणसे या खेळाकडे गांभीर्याने वळली. डोनाल्ड फेदरस्टोन याच्या १९६२ मधील पुस्तकाने इंग्लंडात त्यांचा एक समाजच घडविला. शिपाई चोपन्न मिलिमीटरांवरून पंचवीस-तिसांवर आला, परंतु त्याच्या अंगरख्याच्या गुंड्या, पट्ट्याचे बक्कल, मिशांचे आकडे हे सारे ओतकामात स्पष्ट दिसू लागले. १९७८ साली स्थापन झालेल्या सिटाडेल कंपनीने आणि १९८३ मध्ये आलेल्या वॉरहॅमर या खेळाने काल्पनिक राक्षस व बुटके वीर यांची नवी सृष्टी उभी केली आणि शेकड्यांनी प्रतिमा एकेका माणसाच्या मालकीच्या झाल्या. जेथे मालकी आली तेथे विक्रीही आली. एकाने रंगविलेली फौज दुसऱ्याच्या हाती जाऊ लागली, आणि आधीच्या धन्याने तिच्यावर चढविलेल्या जाड रंगाखाली, शेंदराच्या कवचाखाली मूळ मूर्तीचे नाकडोळे हरवावेत तसे, ओतकाराचे सारे कसब हरवलेले आढळू लागले. रंग उतरविण्याची विद्या, माझ्या मते, या दुसऱ्या धन्यानेच जन्मास घातली.

प्रारंभी त्याने लाकडी सामानाचा रंग काढणाऱ्यांकडून कॉस्टिक सोडा घेतला. इनॅमल रंग वाळतो म्हणजे केवळ त्यातील द्रावक उडून जात नाही. त्यातील तेलकट अंश हवेतील प्राणवायूशी संयोग पावून एकसंध जाळे विणतो, आणि हे जाळे नुसत्या स्पिरिटने सहसा सुटत नाही. कॉस्टिक सोडा त्या जाळ्याचा साबण करून टाकतो, म्हणून रंग गळून पडतो. परंतु तो हाताची कातडीही सोलतो आणि फार वेळ ठेवल्यास शिशालाही खातो. त्यानंतर डायक्लोरोमीथेनयुक्त रंगनाशके आली. त्यांनी क्षणार्धात रंगाला सुरकुत्या पडत, परंतु त्यांची वाफ बंद खोलीत जीवावर बेतणारी ठरली. युरोपीय संघाने २०११ च्या अखेरीपासून, आणि अमेरिकेने २०१९ मध्ये, सर्वसामान्य ग्राहकास त्यांची विक्री बंद केली. मोटारीच्या ब्रेकचे तेलही अनेकांनी वापरले. प्लास्टिकच्या प्रतिमांचा प्रश्न सर्वांत नाजूक होता, कारण पॉलिस्टायरीनचा शिपाई ॲसिटोनमध्ये बुडविला की रंगाबरोबर शिपाईही विरघळून जातो.

या अडचणीतून डेटॉलने वाट काढली. त्यातील पाइनचे तेल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळून ॲक्रिलिक रंगाचा पापुद्रा फुगवितात आणि धातू वा पॉलिस्टायरीन यांस सहसा धक्का लावीत नाहीत. इनॅमलवर त्यास वेळ अधिक लागतो, एवढेच. कृतीत मात्र एक पथ्य आहे आणि ते न पाळणाऱ्यास त्याचा दंड तत्काळ मिळतो. बरणीत पाण्याचा थेंबही न मिसळलेले डेटॉल घेऊन प्रतिमा त्यात दिवसभर बुडवून ठेवावी. बाहेर काढल्यावर दात घासण्याचा जुना ब्रश त्याच निखळ डेटॉलमध्ये बुडवून तिला घासावे, म्हणजे रंग मऊ साय होऊन निघून येतो. या अवस्थेत घाईने ती नळाखाली धरली, तर डेटॉलचे दूध होते आणि सुटलेला रंग चिकट डिंक बनून घडीघडीत रुतून बसतो. म्हणून पाणी आणि साबण हे सर्वांत शेवटी, रंगाचा कण न उरल्यावरच. हातमोजे आणि उघडी खिडकी यांची आवश्यकता वेगळी सांगावयास नको. शिशाच्या जुन्या प्रतिमांवरील रंगातही शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा खरवडून त्याची धूळ करणे सर्वथा टाळावे.

खरी चिकाटी अस्तराची. धातूला घट्ट धरून राहावे याचसाठी ते बनविलेले असते, आणि मोटारीसाठी तयार केलेले फवाऱ्याचे अस्तर तर वरचा रंग गेल्यावरही काखेत, दाढीच्या खाली आणि ढालीच्या मागे राखाडी रेषा धरून राहते. टाचणीने ती एकेक रेष उकरणारा माणूस मी पाहिला आहे. त्याच्या बोटांतील ती सावधगिरी मूळ ओतकाराविषयीच्या आदरातून आलेली होती, याविषयी मला संदेह नाही.

पण याच आदराचा दुसराही हक्कदार आहे. ब्रिटनचा जुना शिपाई कोणी डेटॉलमध्ये टाकला, तर संग्राहक त्यास अपराध मानतो आणि बाजारही त्या शिपायाचे मोल उतरवितो, ते न्याय्यच आहे. त्या गालांवरील गुलाबी ठिपका, मिशीची एका फटकाऱ्यात ओढलेली रेघ, हा एका अनाम कामकरी स्त्रीच्या हाताचा दस्तऐवज आहे. तिचे नाव कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही, आणि रंग गेला की तिची सहीही गेली. शिवाय उघडे पडलेले शिसे रोगाला लवकर बळी पडते: ओक लाकडाच्या कपाटातून निघणारी ॲसेटिक आम्लाची वाफ त्यावर पांढरी भुकटी आणते, आणि ती धातूलाच पोखरीत जाते. म्हणून माझे मत असे, की कारखान्याने रंगविलेल्या शिपायास हात लावू नये, आणि जो कोरा विकला गेला, ज्यास पहिल्या धन्याने आपल्या मगदुराप्रमाणे रंगविले, त्याचा रंग दुसऱ्याने निःशंक उतरवावा. पहिला धनी हयात असेल, तर त्याला विचारून उतरवावा.

१९९० च्या दशकात शिशाविषयीची धास्ती वाढल्यावर कारखानदारांनी कथलाच्या मिश्रधातूंकडे मोर्चा वळविला. जुन्या शिशाच्या प्रतिमा ओतून निघणे त्यामुळे थांबत गेले आणि ज्या अस्तित्वात होत्या त्यांची मागणी वाढली. अशी एखादी सिटाडेलची प्रतिमा स्वच्छ झाली की तिच्या पायाखालच्या अरुंद पट्टीवरील, आजवर काळ्या रंगात बुजलेली अक्षरे वाचता येतात: कंपनीचे नाव, पुष्कळदा त्या वीराचे नाव, आणि सनाचा आकडा. त्या आकड्यावरून ती कोणत्या वर्षीच्या साच्याची, याचा अदमास बांधता येतो, आणि मगच नव्या अस्तराचा पहिला हात द्यावयाचा.